घरगुती शेळीपालन आणि दुधाचा साबण: सुरुवात किती शेळ्यांपासून करावी?

नवी_पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही पती-पत्नी आणि दोन शाळकरी मुले असे चौघांचे कुटुंब आहोत. वर्षभरात नोकऱ्या सोडून थोड्याशा जमिनीवर शेळ्या पाळाव्यात आणि त्यांच्या दुधापासून साबण, मलम, लोशन अशी नैसर्गिक उत्पादने घरीच तयार करून विकावीत, असा आमचा विचार आता बऱ्यापैकी पक्का झाला आहे. जमिनीवर झाडोरा भरपूर आहे, पाणी बारमाही आहे आणि दहा शेळ्या सुखाने राहतील एवढे छप्पर उभारण्याची तयारी आहे.

साबणाचा व्यवसाय चालेल एवढ्या दुधासाठी दहा शेळ्या पुरतील, की अधिक घ्याव्या लागतील? साबणात कॉस्टिक सोडा वापरावाच लागतो असे वाचले. तो टाळण्याचा काही मार्ग आहे का, आणि नसल्यास अशा साबणाला नैसर्गिक म्हणणे योग्य ठरेल का? लोशनमध्ये परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे, त्याऐवजी ई जीवनसत्त्व पुरेल का? शेळीच्या दुधाच्या साबणाचा सामू (पीएच) त्वचेच्या सामूइतकाच असतो आणि त्याने इसब बरा होतो, असे अनेक विक्रेते लिहितात. तसे आम्हीही लिहू शकतो का? शेवटचा प्रश्न जरा घरगुती आहे. अशा जीवनक्रमात सगळ्या कुटुंबाला मिळून चार दिवस बाहेर जाता येते का?

उत्साह वाढवणारी उत्तरे आम्हाला पुष्कळ मिळाली आहेत. जे हे काम प्रत्यक्ष करतात त्यांनी अडचणींविषयीच अधिक लिहावे, ही विनंती.

माळरान यांचे उत्तर

दहा शेळ्या पुरतील का, या प्रश्नातच घोटाळा आहे, म्हणून आधी हिशेब मांडतो. एक किलो तेलाचा साबण करायला सुमारे ३०० मिलिलिटर द्रव लागतो. त्यात पाण्याचा थेंबही न घालता सगळा द्रव म्हणून दूधच वापरले, तरी त्या एका घाण्यातून १०० ग्रॅमच्या चौदा वड्या निघतात. मध्यम प्रतीची दुभती शेळी दिवसाला २ लिटर दूध देते असे धरले, तर तिच्या एका दिवसाच्या दुधात नव्वदहून अधिक वड्या होतात. वेत, म्हणजे एकदा व्याल्यावर दूध देण्याचा काळ, साधारण दहा महिने चालते. म्हणजे एकाच शेळीच्या एका वेतातून २८,००० च्या आसपास वड्या होतील, आणि एवढ्या वड्या एका कुटुंबाला हाताने ओतता, कापता, वाळवता येणार नाहीत, मग विकणे तर दूरच. साबण हा दुधाचा फार लहान गिऱ्हाईक आहे. तेलाचा मात्र तो मोठा गिऱ्हाईक आहे, आणि ते तेल बहुधा तुमच्या जमिनीवर पिकणार नाही, विकतच आणावे लागेल.

तेव्हा दहा शेळ्या घेतल्या, तर उरलेल्या दुधाचे काय करायचे हा प्रश्न रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्यासमोर भांड्यात उभा राहील. घरी पिऊन आणि करडांना पाजून काही दूध संपेल. चीज केले तर दुधाची विल्हेवाट लवकर लागते, कारण एक किलो मऊ चीजला ५ ते ७ लिटर दूध लागते. पण खाण्याचा पदार्थ विकायचा म्हटला की परवाने, तपासण्या आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असा सगळा वेगळाच पसारा येतो. लोणी काढू म्हणाल, तर शेळीच्या दुधातील स्निग्धांशाच्या गोलिका बारीक असतात आणि त्यांना एकत्र आणून वर चढवणारे प्रथिन या दुधात जवळपास नसते, त्यामुळे साय धरत नाही आणि मलई काढायला यंत्र घ्यावे लागते. माझ्या मते तुमच्या योजनेला दोन किंवा फार तर तीन दुभत्या शेळ्या पुरेत. एकच शेळी मात्र ठेवू नका. शेळी हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटी ठेवली तर ती ओरडते, खाणे टाकते आणि कुंपण तोडायच्या मागे लागते.

आता खाण्याचे पाहा. शेळीला रोज तिच्या वजनाच्या सुमारे ४ टक्के एवढा कोरडा चारा लागतो, म्हणजे ५० किलोच्या शेळीला २ किलो. दहा शेळ्यांना दिवसाला २० किलो आणि वर्षाला सात टनांहून अधिक. झाडोऱ्यातून यातला बराच भाग निघतो, कारण शेळी गवतापेक्षा पाला, शेंगा आणि कोवळ्या फांद्या अधिक आवडीने ओरबाडते. पण झाडोरा संपतोही पटकन, आणि शेळ्यांनी साल सोलून काढलेले झाड पुन्हा उभे राहत नाही. म्हणून जमिनीचे भाग पाडून शेळ्या आलटून-पालटून फिरवाव्यात. चरायला सोडण्यापूर्वी कण्हेरीसारखी विषारी झुडपे हुडकून उपटून टाकावीत. खुराकात धान्य अचानक वाढवू नये. पोटात आम्ल साचते, आंत्रविषार (आतड्यात जिवाणूंचे विष पसरण्याचा रोग) होतो आणि आदल्या दिवशी धडधाकट असलेली शेळी सकाळी मेलेली सापडते. आंत्रविषाराची लस मिळते आणि ती वेळेवर टोचून घ्यावी, त्यात ‘नैसर्गिक’चा आग्रह धरू नये.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण नैसर्गिक उत्पादनांच्या ओढीने या कामात येणारी माणसे औषधांविषयी फार सोवळी असतात. उबदार आणि ओलसर हवेत जठरात राहून रक्त पिणारा हिमोंकस नावाचा जंत शेळ्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. लसूण, कडू पाला किंवा राख यांनी तो आटोक्यात येतो असे समजून बसलेल्यांच्या शेळ्या पंडुरोगाने (रक्तक्षयाने) मरतात. मात्र याच्या उलट टोकाची चूकही तेवढीच महागात पडते: सगळ्या कळपाला ठरावीक महिन्यांनी सरसकट जंतनाशक पाजत राहिले की त्या औषधाला न जुमानणारेच जंत मागे उरतात. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाची सोपी पद्धत तयार झाली. शेळीच्या खालच्या पापणीचा आतला रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून पाहायचा आणि ज्यांची पापणी फिकट दिसते त्यांनाच औषध द्यायचे. कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात, म्हणून ही निवड कामी येते. जंतांच्या अळ्या गवताच्या बुंध्याजवळ असतात. गवत १० सेंटिमीटरपेक्षा खाली चरू दिले नाही आणि पाल्याचा वाटा मोठा ठेवला, तर निम्मी लढाई औषधाविनाच जिंकता येते. आणि ज्या शेळीला औषध दिले आहे, तिचे दूध किती दिवस वगळायचे ते पशुवैद्याला विचारून भिंतीवर लिहून ठेवावे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती आधीच बोलून ठेवायला हवी. दूध हवे तर शेळी व्यायला हवी, आणि होणाऱ्या करडांपैकी निम्मे बोकड असतात. शेळीला जुळे होणे सर्रास घडते, त्यामुळे दहा शेळ्यांमागे वर्षाला आठ-दहा नर करडे धरून चाला. त्या सगळ्यांना आयुष्यभर पोसणे कोणालाच परवडत नाही. कोणी ते मांसासाठी विकतात, कोणी स्वतः खातात, कोणी एखाद-दुसरा खच्ची करून ठेवतात. त्यातही खच्ची बोकडाला धान्य फार घातले तर मूतखडा होऊन लघवी अडते. तुम्ही काय करणार ते पहिले करडू जन्मण्याआधी, मुलांसमोर, स्पष्ट शब्दांत ठरवून ठेवा. मुलांनी नाव ठेवलेल्या बोकडाविषयी हा निर्णय नंतर घेणे फार अवघड जाते.

क्षार_आणि_स्नेह यांचे उत्तर

माळरान यांनी शेळ्यांचे लिहिलेच आहे, मी साबणापुरते लिहिते. कॉस्टिक सोड्याशिवाय वडीचा साबण होत नाही. तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार यांच्या अभिक्रियेतून जे तयार होते, त्यालाच साबण म्हणतात. ‘सोडा न वापरता’ म्हणून जे साबण शिकवले जातात, त्यांत दुसऱ्याने सोडा घालून केलेला तयार साबण वितळवून साच्यात ओतलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण तो तुम्ही केलेला साबण नव्हे. हिशेब नीट केला असेल तर वाळलेल्या वडीत सोडा उरत नाही. तो सगळा तेलाशी संयोग पावून साबण आणि ग्लिसरीन यांत रूपांतरित झालेला असतो.

हिशेब नीट करणे हाच या कामाचा गाभा आहे. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो: एक ग्रॅम ऑलिव्ह तेलाला सुमारे ०.१३५ ग्रॅम, तर खोबरेल तेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम. समजा ७०० ग्रॅम ऑलिव्ह आणि ३०० ग्रॅम खोबरेल घेतले, तर एकूण १४९ ग्रॅमच्या आसपास सोडा लागतो. त्यातला ५ टक्के कमी करून १४२ ग्रॅम घ्यावा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि वडी त्वचेला बोचत नाही. आता खोबरेल संपले म्हणून सगळे ऑलिव्हच घातले आणि सोडा मात्र तेवढाच ठेवला, तर गरज १३५ ग्रॅमची आणि घातला १४२ ग्रॅम; उरलेला ७ ग्रॅम मोकळा सोडा अंग भाजून काढायला पुरेसा आहे. म्हणून तेल बदलले की हिशेब नव्याने मांडायचा आणि मापे भांड्याने किंवा चमच्याने न घेता वजनकाट्यावरच घ्यायची, हे दोन नियम कधीही मोडू नका.

दुधामुळे एक वेगळी अडचण येते. सोडा पाण्यात विरघळताना मिश्रण ८० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. तोच सोडा कोमट दुधात टाकला तर दुधातली साखर करपते, मिश्रण नारिंगी-तपकिरी होते आणि अमोनियासारखा उग्र वास सुटतो. यावर दोन उपाय आहेत. दूध गोठवून त्याचे तुकडे करावेत आणि बर्फाच्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात त्यांच्यावर सोडा थोडा थोडा भुरभुरत ढवळत राहावे. किंवा सोड्याच्या वजनाएवढ्याच पाण्यात सोडा विरघळवून, थंड करून, उरलेल्या द्रवाच्या जागी दूध थेट तेलात मिसळावे. मला दुसरी पद्धत अधिक सुरक्षित वाटते, कारण पहिलीत न विरघळलेले सोड्याचे कण दुधाच्या गुठळ्यांत दडून राहतात. साबण साच्यात ओतल्यावर तो आतून फार तापू नये म्हणून दुधाचा साबण पांघरून ठेवण्याऐवजी गारव्यात ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वड्या कापाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे वाळू द्याव्यात. तेवढ्या काळात अभिक्रिया पूर्ण होते, पाणी उडते आणि वडी कडक होते. घाईने विकलेली वडी ग्राहकाच्या साबणदाणीत आठवडाभरात विरघळून जाते आणि तो ग्राहक परत येत नाही.

घरात मुले आहेत म्हणून सुरक्षिततेचेही लिहिते. सोडा नेहमी द्रवात घालावा, सोड्यावर द्रव कधीही ओतू नये, कारण मिश्रण उसळून तोंडावर येते. अॅल्युमिनियमच्या भांड्याशी सोड्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन वायू निघतो. त्यामुळे भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनची हवीत आणि ती स्वयंपाकात पुन्हा वापरू नयेत. डोळ्यांवर बंदिस्त चष्मा आणि हातांत लांब मोजे घातल्याशिवाय सोड्याचा डबा उघडू नये. अंगावर उडाला तर व्हिनेगर लावत बसू नये, वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावे आणि डोळ्यात गेला तर धुता धुताच डॉक्टर गाठावा. हे काम मुले शाळेत असताना करावे.

सामूविषयीचा तो दावा साफ चुकीचा आहे. त्वचेचा सामू साधारण ५ असतो, ताज्या दुधाचा ६.५ च्या आसपास असतो आणि खऱ्या साबणाचा ९ ते १० असतो, मग त्यात दूध शेळीचे असो की नसो. साबण आम्लाच्या बाजूला नेला तर तो साबण राहतच नाही, फुटून त्यातली स्निग्धाम्ले सुटी होतात. दुधाचा वाटाही केवढा असतो ते पाहा: ३०० मिलिलिटर दुधात जेमतेम १२ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि तो दीड किलोच्या घाण्यात मिसळतो. दुधातल्या साखरेमुळे फेस अधिक येतो आणि दुधामुळे वडी मऊसर लागते, एवढे प्रामाणिकपणे लिहिता येईल. वडीचा मुख्य गुण तेलांच्या निवडीतून आणि मोकळ्या ठेवलेल्या तेलातून येतो. इसब बरा होतो असे लिहू नये. ते सिद्ध झालेले नाही, आणि अनेक देशांच्या कायद्यांत रोग बरा करण्याचा दावा करताच ते उत्पादन सौंदर्यप्रसाधन न राहता औषध ठरते, मग औषधाचे सगळे नियम लागू होतात.

लोशनच्या बाबतीत मी तुमच्या निर्णयाच्या विरुद्ध आहे. साबणाला परिरक्षक लागत नाही, कारण त्यात पाणी कमी आणि त्याचा सामू जास्त असतो. लोशनमध्ये अर्ध्याहून अधिक पाणी असते आणि त्यात दूध घातले म्हणजे जिवाणूंना साखर, प्रथिने आणि ओलावा असे सगळे जेवण आयते वाढून ठेवल्यासारखे होते. ई जीवनसत्त्व आणि रोझमेरीचा अर्क तेल खवट होण्याची क्रिया मंद करतात. जिवाणू आणि बुरशी यांच्यावर त्यांचा उपयोग नाही. वास किंवा रंग बदललेला जाणवण्याच्या कितीतरी आधी लोशन दूषित झालेले असते, आणि ते लावणाऱ्यांत तान्ह्या बाळाची आई असू शकते, भाजलेल्या त्वचेचा माणूस असू शकतो. परिरक्षक वापरायचाच नसेल तर पाणी आणि दूध दोन्ही नसलेले मलम करा: मधमाश्यांचे मेण एक भाग आणि तेल चार-पाच भाग. त्याला ओल्या बोटांपासून जपले की झाले. दुधाचे लोशन परिरक्षकाशिवाय विकणे मला बेजबाबदारपणाचे वाटते, मग वेष्टनावर कितीही हिरवी पाने छापलेली असोत.



दोन_वेळची_धार यांचे उत्तर

चार दिवस बाहेर जाता येते का, याचे उत्तर शेळ्यांच्या संख्येवर फारसे अवलंबून नाही. शेळ्या दोन असोत की दहा, धार काढायला कोणीतरी हजर असावेच लागते. बारा-बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा धार काढायची पद्धत ठेवली, तर विश्वासू शेजारी किंवा नातलग असल्याशिवाय सगळ्यांना मिळून एक रात्रही बाहेर काढता येणार नाही. कास तुंबली की दूध कमी होतेच, शिवाय कासदाहाची भीती असते. आणि धार काढणारा हात बदलला की काही शेळ्या पान्हा चोरतात, तेव्हा बदली माणसाला आधी काही दिवस सोबत उभे करावे लागते.

तुमच्यासारख्यांना मी दुसरी पद्धत सुचवेन. करडे दिवसभर आईबरोबर राहू द्यावीत, रात्री जाळीपलीकडे वेगळी बांधावीत आणि सकाळी एकदाच धार काढावी. दूध निम्म्यावर येते, पण वर दाखवलेल्या हिशेबाप्रमाणे तुम्हाला तेवढेही पुष्कळ आहे. बाहेर जायचे असेल तेव्हा करडे रात्रीही आईजवळ सोडावीत, म्हणजे धार करडेच काढतात आणि शेजाऱ्याला केवळ चारा-पाणी पाहावे लागते. ही सोय करडे मोठी होईपर्यंतच मिळते, आणि दोन्ही सडांतून सारखे पितात की नाही हे अधूनमधून पाहावे लागते. एकाच बाजूची सवय लागलेले करडू दुसरी बाजू तुंबवून ठेवते.

वर्षाचे गणितही घरातल्यांनी पाठ करून ठेवावे. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. विण्यापूर्वी दोन महिने शेळी आटवावी लागते, म्हणजे तिची कास विसावते आणि पोटातल्या करडांना पोषण मिळते. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत शेळ्या दिवस लहान होऊ लागले की माजावर येतात, त्यामुळे सगळ्यांचे विणे एकाच हंगामात येते आणि सगळ्यांचे आटणेही एकदमच. ताजे दूध विकणाऱ्याला यामुळे घोर लागतो, साबण करणाऱ्याला लागत नाही, कारण साबणाचे दूध गोठवूनच ठेवायचे असते. दुधाच्या महिन्यांत वजन करून पिशव्या भरून ठेवाव्यात आणि भाकड महिन्यांत त्यांतून साबण करावा. खरे तर आटवणीचे ते दोन महिने हीच कुटुंबाची सुट्टी समजावी, आणि दोन शेळ्या मुद्दाम वेगवेगळ्या वेळी गाभण करून वर्षभर दूध मिळवण्याचा हव्यास धरू नये.

विण्याच्या दिवसांत मात्र कोणी कुठे जायचे नाही. बहुतेक शेळ्या स्वतःच सुखरूप वितात. माणसाचे काम जवळ असण्याचे. करडाला पहिल्या एक-दोन तासांत चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, मिळायलाच हवा आणि पहिल्या दिवसभरात त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३ किलोच्या करडाला सुमारे ३०० मिलिलिटर, चीक पोटात जायला हवा. करडू रोगप्रतिकारक द्रव्ये घेऊन जन्मत नाही, ती सगळी चिकातून येतात, आणि पहिला दिवस उलटला की त्याच्या आतड्यातून ती शोषली जात नाहीत. दुबळे करडू चोखत नसेल तर चीक पिळून बाटलीने पाजावा. त्यासाठी जास्तीचा चीक गोठवून ठेवण्याची सवय चांगली.

मुलांविषयी एवढेच सांगते की त्यांना मदतनीस म्हणून गृहीत धरून संख्या ठरवू नका. पहिले काही महिने ती करडांना बाटली पाजायला धावतील. त्यानंतर लेंड्या काढणे, गव्हाण झाडणे, सहा ते आठ आठवड्यांनी खुरे तासणे ही कामे मोठ्यांवरच येतात, आणि यायलाच हवीत. लेंडीखत मात्र या सगळ्यात विनातक्रार मिळणारे उत्पादन आहे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे साबणापेक्षा त्याची मागणी अधिक पक्की असते.

नवी_पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. दहाचा आकडा आम्ही सोडून दिला आहे आणि दुधाचे लोशनही. तीन शेळ्या, सकाळची एकच धार, साबण आणि बिनपाण्याचे मलम, असे आता ठरवतो आहोत. दोन शंका उरल्या आहेत. तीन शेळ्यांसाठी स्वतःचा बोकड ठेवावा का? आणि उरलेले दूध न तापवता पिणे अधिक नैसर्गिक आणि गुणकारी असते असे जे सांगितले जाते, त्यात तथ्य किती?

माळरान यांचे उत्तर

तीन शेळ्यांसाठी बोकड ठेवू नका. एक प्रौढ बोकड वीस-तीस शेळ्यांना पुरतो. तुमच्याकडे तो वर्षातले काही दिवस सोडून नुसता खात उभा राहील. माजाच्या हंगामात त्याच्या शिंगांजवळच्या ग्रंथींचा वास आणि स्वतःच्याच दाढीवर लघवी उडवण्याची त्याची सवय यांमुळे सगळा परिसर घमघमतो, आणि तो दुभत्या शेळ्यांत मोकळा फिरत असेल तर वास दुधापर्यंत पोचतो. त्याला आवर घालणारे कुंपणही शेळीच्या कुंपणापेक्षा भक्कम लागते. शेळी दर २१ दिवसांच्या आसपास माजावर येते आणि माज एक-दोन दिवस टिकतो. शेपटी सारखी हलवणे, ओरडणे, दूध कमी होणे ही चिन्हे ओळखता येऊ लागली की तिला दुसऱ्याच्या बोकडाकडे न्यावे किंवा कृत्रिम रेतन करून घ्यावे. नेण्यापूर्वी त्या कळपाची ब्रुसेलोसिसची (दुधातून माणसालाही होणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची) तपासणी झालेली आहे का हे विचारायला संकोच करू नये. शेळ्या विकत घेतानाही हाच प्रश्न विचारावा, आणि घरी आणल्यावर महिनाभर वेगळ्या ठेवाव्यात.

यातच तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आहे. माल्टा बेटावर तैनात असलेल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने चढउतार होणारा ताप यायचा. डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये त्याचा जिवाणू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडले, जेव्हा थेमिस्टोक्लीस झॅमिट यांना तो तिथल्या शेळ्यांच्या रक्तात आढळला. त्या शेळ्या दिसायला पूर्ण निरोगी होत्या आणि त्यांचे कच्चे दूध सगळे बेट पीत होते. तोच ब्रुसेला जिवाणू आजही अनेक देशांतल्या शेळ्यांत आहे. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवले तर तो मरतो, आणि एवढ्या तापवण्याने प्रथिने, चुना (कॅल्शियम) व स्निग्धांश यांचे नुकसान नगण्य होते. आपल्या शेळ्या आपण पाहतो म्हणून त्या शुद्धच असणार, हा भरवसा त्या बेटावरच्या लोकांनाही होता.

दुधाचा उग्र वास ही ज्यांची तक्रार असते, त्यांनी कच्च्या-तापवलेल्याच्या वादापेक्षा धार काढण्याकडे लक्ष द्यावे. कास धुऊन पूर्ण कोरडी करावी, पहिल्या दोन-तीन चिळकांड्या वेगळ्या गडद रंगाच्या वाटीत घेऊन गुठळ्या आहेत का ते पाहावे, दूध गाळून लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि तासाभरात ४ अंशांपर्यंत उतरवावे. दूध उगाच हिंदकळले किंवा कोमट राहिले की त्यातल्या विकराने (एन्झाइमने) स्निग्धाम्ले सुटी होतात आणि वास येतो.

आणखी काही गोष्टी, कारण घरात आणि ओळखीत लहान बाळे असू शकतात. एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या दुधाऐवजी साधे शेळीचे दूध देऊ नये. त्यात फोलेट हे जीवनसत्त्व फार कमी असते आणि त्यावरच वाढलेल्या बाळाला पंडुरोग होतो. ज्यांना गाईच्या दुधातील प्रथिनांची अॅलर्जी आहे, त्यांतल्या बहुतेकांना शेळीच्या दुधाचीही होते, त्यामुळे ‘अॅलर्जीवाल्यांनाही चालते’ असे सांगून दूध कोणाला देऊ नये. तसेच गरोदर स्त्रीने शेळीच्या विण्याला हात लावू नये, कारण वार (प्लॅसेंटा) आणि त्याबरोबरचा स्राव यांतून गर्भाला घातक ठरणारे काही संसर्ग होतात. इतरांनीही ते काम मोजे घालूनच करावे आणि वार खोल पुरावी.

नर करडे तीन महिन्यांची झाली की आई-बहिणींपासून वेगळी करा. त्या वयात ती प्रजननक्षम होऊ लागतात, आणि कोवळ्या पाठी (न व्यालेल्या तरुण माद्या) गाभण राहिल्या तर त्यांची वाढ खुंटते व विताना अडतात. पाठीला बोकड दाखवायचा तो ती प्रौढ शेळीच्या वजनाच्या ६० ते ७० टक्के भरल्यावरच. तीन शेळ्यांच्या घरात वजनकाटा नसतो, म्हणून छातीचा घेर मोजायची फीत आणून ठेवावी.